कळलावीच्या मागचं धोतर

फुलाचा फोटो काढायचा तर फुलामागं एक माणूस लागतो. हे कुणी कुठं लिहीत नाही. आमचं रीळ काळं-पांढरं. कळलावीचं फूल कितीही लाल-पिवळं असलं तरी झाडोऱ्यासमोर ते करडंच उमटायचं, फूल कुठलं आणि पान कुठलं कळायचं नाही. म्हणून मागं पांढरं फडकं ताणून धरायचं. आणि फडकं काही आपोआप उभं राहत नाही.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. कारंज्यात माझं फोटोचं दुकान होतं आणि उरलेल्या वेळात मी लेख लिहायचो. मिजास तर विचारूच नका! कामरगावकडच्या एका जमीनदाराचं नाल्याकाठी खाजगी रान होतं. साग, बेहडा, अर्जुन, मोह, आणि त्यांच्या सावलीत हौसेनं लावलेली रानहळद, भुईचाफा, कुंपणभर कळलावी. पायवाटा घरातल्या भुईसारख्या झाडलेल्या. दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या तरी हे रान हिरवंच होतं म्हणतात. एका दिवाळी अंकाच्या संपादकानं त्यावर फोटोंसह लेख मागितला आणि मी हुरळून गेलो.

श्रावणात एका सकाळी एसटीनं पोचलो. मालक इस्त्रीच्या कपड्यात फाटकाशी उभे होते. त्यांच्या मागं माळी आणि माळ्याची बायको. बौद्ध कुटुंब, लेक सासरी गेलेली, ही दोघंच रानातल्या एका खोलीत राहायची. मालक चहाचं सांगायला वळले तसं माळ्यानं मला गाठलं.

"भाऊ, हिचा येक फोटो काढून देता का? आठ दिवसानं अकोल्याले दवाखान्यात नेऊन राह्यलो. पोटात गोया हाय म्हन्ते डाक्टर. काय सांगता येते बाप्पा? जलमात येकबी फोटो नाही तिचा."

"काढू, काढू. आधी काम होऊ दे," मी म्हणालो.

मालक मला रानभर फिरवत होते. "हे सगळं मी स्वतःच्या हातानं लावलं बरं का." झाडाचं नाव मात्र दर वेळी मागं वळून माळ्याला विचारत होते. मी वहीत लिहून घेतलं: स्वतःच्या हातानं.

कळलावीपाशी मी फडकं मागितलं. मालकांचं एक धुतलेलं धोतर आलं. माळी काठीनं वरच्या फांद्या बाजूला सारून उजेड करत होता, तेव्हा धोतर धरायला त्याची बायको उभी राहिली. दोन्ही हात वर, तोंड फडक्यामागं. तिची डावी करंगळी आतल्या बाजूला मुडपलेली होती. मी विचारलं नव्हतं, तिनंच फडक्यामागून सांगितलं, "रहाटात सापडली भाऊ. दुष्काळात ह्याच झाडाइले पानी वढता वढता."

"बोलू नको. फडकं हलतं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मी दिसीन का याच्यात?"

"तू दिसू नये म्हणून तर धोतर धरलंय!"

मालक खो-खो हसले. मलाही माझा विनोद आवडला. दीड-दोन तास हेच चाललं होतं. ऊन आलं की सावलीची वाट पाहायची, सावली आली की वारा थांबायची वाट पाहायची. शेवटी तिचे हात थरथरायला लागले आणि माझं टाळकं फिरलं. मी ओरडलो, "ए बाई, जीव नाही का हातात? हालू नको म्हटलं ना!" माळी वर फांदीकडं बघत राहिला. तिनं धोतराच्या कडा मुठीत आवळल्या आणि पुन्हा काही ती हलली नाही. पोटात गोळा असलेल्या बाईला मी हे बोललो, आणि मला ते माहीत होतं. सकाळीच तर त्यानं सांगितलं होतं.

बारा फोटोंचं रीळ. अकरा रानाला गेले. बाराव्यात मालक झाडांना पाणी घालताना हवे होते. त्यांनी झारी उलटी धरली, माळ्यानं ती हातात सुलटी करून दिली. काढला फोटो. रीळ संपलं.

तेवढ्यात ती खोलीतून आली. केस ओले करून चापून बसवलेले, अंगावर ठेवणीतलं पांढरं पातळ. बेहड्याखाली येऊन ताठ बसली, दोन्ही हात गुडघ्यावर. आता इथं सांगतो आमच्या धंद्यातली लबाडी. खेड्यात कॅमेरा काढला की माणसं गोळा होतात, आमचा काढा, आमचा काढा. सगळ्यांचे काढायला रीळ का आभाळातून पडतं? मग नुसता खटका दाबायचा. माणूस खूश होतं, आपली वाट मोकळी होते. मीही तेच केलं. वर "हस जरासं" म्हणालो. ती हसली, बिचारी. मी रिकामा खटका दाबला आणि म्हणालो, "झाला."

माळ्यानं निघताना गमछाभर काटवलं बांधून दिली. घरी भाजी केली. मस्त झाली होती.

महिन्याभरानं तो दुकानात आला, एकटाच. "गेली ते, भाऊ. गोया लय वाढला होता." मी खुर्ची पुढं केली, तो उभाच राहिला. "फोटो द्या. भितीवर भगवान बुद्धाच्या बाजूले खिया ठोकून ठेवला हाय."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "रीळ धुवायला मुंबईला पाठवलंय." फोटो धुवायची अंधारी खोली माझ्या पाठीमागंच होती, पडदा लावून. तो "बरं" म्हणाला आणि गेला. मग पुन्हा आला, पुन्हा आला. चौथ्या खेपेला मी वैतागलो, माझ्यावरच, पण चिडलो त्याच्यावर. "रीळ खराब झालं रे! उजेड शिरला आत!"

"असू द्या भाऊ," तो म्हणाला, "उजेडाचा काय दोष."

दिवाळीत अंक आला. लेखात 'मालकांच्या रसिक हातांनी फुललेलं रान' होतं, माळ्याबद्दल एक ओळही नव्हती. कळलावीचा फोटो पानभर. लोकांनी वा वा केली आणि मी आठ दिवस छाती काढून हिंडलो.

नवव्या दिवशी तो पायरीवर उभा. मालकाच्या बैठकीतल्या अंकातून फाडलेलं पान त्यानं घडी उलगडून माझ्यासमोर ठेवलं. फुलाच्या उजव्या बाजूला, पानाच्या अगदी कडेला, धोतर आवळून धरलेली चार बोटं आली होती. करंगळी मुडपलेली. मला, संपादकाला, छापणाऱ्याला, कुणाला दिसली नव्हती.

"हे त्याच दिवसाचे ना? मालक आले, फुलं आले. उजेड काय तिच्यावरच पडला?"

"रीळ संपलं होतं," मी म्हणालो.

"मंग खटका काहून दाबला?"

मला वाटलं, तो मारेल, निदान शिव्या तरी देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फक्त त्या बोटांवर आपलं बोट ठेवलं आणि विचारलं, "येवढंच मोठं करून देता येते का?"

मी पडद्यामागं गेलो. मूळ रिळात तरी तिचं आणखी काही असेल म्हणून भिंग लावून पाहिलं. दुसऱ्या बाजूला पानं होती. मध्ये धोतर. मोठी करून करून मी ती चार बोटं कागदभर केली. करंगळीच्या नखातली माती दिसायला लागली.

त्यानं ओला कागद दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ पाहिला.

"साफ आला," तो म्हणाला. "तुमी म्हनलं होतं ना तिले, हालू नको म्हून. नाही हालली."

मग कागद वाळायची वाट पाहत तो पायरीवर जाऊन बसला, कारण खिळ्याला टांगायचा तर तो सुकलेला हवा होता.