पट्टीखाली गेलेलं रान

मानसिंगराव निरवांगीचे. वय एकसष्ट, पण नजर मोजणीदाराची. लग्नाच्या पंगतीत बसले तरी दोन पत्रावळ्यांमधलं अंतर बघणार. धाकटे भाऊ विजयसिंह शेजारीच राहतात, पण सामाईक विहिरीवरून अकरा वर्षं बोलणं बंद. विहीर विजयसिंहांच्या बाजूला. मानसिंगरावांचा ऊस वाळत चाललेला, तरी भावाकडे पाणी मागणार नाहीत. उलट गावभर सांगायचं, "माझ्या रानात पाय रुततो."

मी बारामतीत जमिनीच्या ओलाव्याचे नकाशे काढून देते. वाटणीत दोघांना सारखंच रान आलेलं, म्हणून दोन्ही रानं एकाच कागदावर शेजारी शेजारी छापली. तपकिरी म्हणजे कोरडं, निळं म्हणजे ओलं, हे सांगणारी रंगांची पट्टी उजवीकडे, मानसिंगरावांच्या नकाशाला चिकटून.

दोघांना एकेक प्रत दिली. आठव्या दिवशी मानसिंगरावांची स्वारी अर्ज घेऊन हजर. 'सदर पट्टीने माझ्या क्षेत्रात अतिक्रमण केले आहे.'

"तात्या, ती नुसती रंगांची पट्टी आहे हो."

"मग माझ्याच रानातनं का गेली? विजाचं अठरा सेंटिमीटर, माझं चौदा. मोजून आलोय."

डोकं फिरलं माझं. तरी मोजलं, तर माणूस खरा! पट्टीला जागा करायला संगणकानं एकट्या त्यांचाच नकाशा आवळला होता.

"बरं, पट्टी सामाईक करते. जागा दोघांकडून सारखी घेते."

"सामाईक नगं! विहीर सामाईकच हाय."

शेवटी एका अटीवर कबूल झाले. नवा कागद विजयसिंहांच्या समोर मोजायचा.

मी दुरुस्तीला बसले तेव्हा माझी खरी चूक सापडली, आणि मला लाज वाटली. संगणकानं ज्याच्या त्याच्या रानापुरते रंग वाटले होते. रान कितीही कोरडं असो, त्यातला त्यात ओला कोपरा निळाच. आता दोघांना एकच पट्टी लावली, तर मानसिंगरावांचं रान या बांधापासून त्या बांधापर्यंत तपकिरी.

मी बोलावल्यावर विजयसिंहही आले, आणि भाऊ माझ्या टेबलाच्या दोन टोकांना बसले. मानसिंगरावांनी टेप लावली. "सोळा. सोळा. आता बराबर हाय," म्हणत त्यांनी कागद ऐटीत भावापुढे सरकवला. रंगांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

विजयसिंह बोट पट्टीवर ठेवायचे, मग नकाशावर, पुन्हा पट्टीवर.

"दादा, तू म्हणायचास रानात पाय रुततो, आन मागल्या कागदातबी तुझं निळं हुतं. मला वाटलं, तुला पाण्याची गरजच न्हाय."

मानसिंगरावांनी कागद ओढून घेतला आणि पहिल्यांदा रंग पाहिले. चूक माझी होती, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण विजयसिंहांनी हातानंच थांबवलं.

"पाणी पोचतच न्हाय का रं, दादा?"

"न्हाय," मानसिंगराव म्हणाले. "तीन वर्सं झाली. मागायची लाज वाटली."

विजयसिंहांनी तिथूनच घरी फोन लावला. "विहिरीच्या पाइपाचा वॉल दादाच्या रानाकडं फिरवा... उद्या न्हाय, आत्ता."