मिठाने धरलेलं बटण

आधी त्या बाईचं ऋण सांगतो, घटना मग. मालवणच्या बाजारात तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, एक माणूस आत बसला तर दुसऱ्याने बाहेर उभं राहावं एवढं. सगळे तिला वैनी म्हणतात, मीही तेच म्हणतो. खटल्यात ती साक्षीदार आहे आणि निकाल लागायचा आहे, म्हणून तिचं नाव इथे लिहिता येत नाही. पण ती नसती, तर एका मेलेल्या माणसाचा आवाज मी माझ्या हाताने, सरकारी कागदावर सही करून पुसून टाकला असता.

मी मूळचा नांदेडकडचा. सातवीत शाळा सुटली, पुढे शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. शेवटची नऊ वर्षं या किनाऱ्यावर गेली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच नोकरीत. शिकलेल्या माणसांपुढे मला पहिल्यापासून धाकधूक. न कळलेल्या गोष्टीलाही मान डोलवायची सवय लागलेली. त्या सवयीनेच या प्रकरणात घात व्हायचा होता.

त्या सकाळची पिवळी पिशवी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तोंडवलीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली प्रेत लागल्याची खबर आली. अंगावर एका पर्ससीन, म्हणजे मोठं गोल जाळं टाकणाऱ्या, बोटीचा टी-शर्ट, गळ्यात दोरी, दोरीला पिवळी प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मोबाईल. बोटीवरचे लोक फोन असाच बांधतात. माणूस होता वरच्या गावातल्या भातशेतीवाल्या घरातला, तिशीचा, लग्न झालेला, एक मुलगी. हंगामात खलाशी म्हणून बोटीवर जायचा. चार दिवसांपूर्वी तो समुद्रात पडल्याची नोंद तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाने, ठाण्यात येऊन केलेली होती.

अकस्मात मृत्यू दाखल झाला, तपास माझ्याकडे आला. इन्क्वेस्ट पंचनामा केला, शवविच्छेदन झालं, मृत्यू बुडून. तांडेलाचा जबाब होता, "पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी तो नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, गेला आणि तोल जाऊन पडला असावा. आम्ही झोपलो होतो." बाकी खलाशांचे जबाब घेतले. प्रत्येकाने चार वाजून दहा मिनिटंच सांगितली. समुद्रावरचा माणूस मिनिटं सांगत नाही हो. तो सांगतो भरती लागली तेव्हा, जाळं मारलं तेव्हा. मिनिटं कोणीतरी शिकवलेली असतात. पण नुसत्या संशयावर फाईल उघडी राहत नाही.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगितलं नाही. "त्या बोटीचा जाळा बगा. तोडलेला आसा." एवढंच बोलली आणि फोन ठेवला. ती कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

जेटीवर जाऊन पाहिलं. जाळं खरंच कापलेलं, तेही सुरीने. पर्ससीनचं जाळं घराच्या किमतीचं असतं. ते कोणी हौसेने कापत नाही. कापतं ते पळायचं असेल तेव्हा. तांडेलाला विचारलं, तर म्हणाला, "खडकार अडाकला साहेब, काय करतलंव?" तेही खोटं म्हणता येईना.

राहिला फोन. मुद्देमालात तो सीलबंद होता. वरिष्ठांच्या परवानगीने, पंचांसमोर सील काढून चार्जिंगला लावला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायचं, अंधार व्हायचा, पुन्हा चिन्ह. तासभर तेच.

आमच्या ठाण्यात संगणक सांभाळणारा एक हवालदार होता. प्रामाणिक, कामसू, घरी दोन लेकरं. त्याला या यंत्रांचा भारी नाद. तो म्हणाला, "काका, हा बूटलूप आहे. आतलं सॉफ्टवेअर बिघडलंय. आपण कस्टम रॉम टाकू."

"म्हणजे?"

"म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर काढायचं आणि बाहेरच्या लोकांनी बनवलेलं दुसरं घालायचं. मी माझ्या तीन फोनांत घातलंय. बूटलोडर अनलॉक केला की अर्ध्या तासात फोन चालू. मग कॉल, फोटो, सगळं बघा."

मला वाटलं, इंजिनाचं ऑईल बदलतात तसंच काहीतरी असेल. ऑईल बदललं म्हणून गाडीतलं सामान जात नाही. मी मान डोलावली.

ठाण्याच्या प्रमुख साहेबांनाही ते पटलं. "शुक्रवारी मला अंतिम अहवाल पाहिजे. फोन चालू करा, त्यात काही नसेल तर प्रकरण निकाली काढा." मृताची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. तिला काही मागायचं नव्हतं. फक्त विचारायची, "फोन चालू झालो काय?" तिची सासू घरी म्हणत होती की तो दारू पिऊन पडला असणार. बोटमालकाचा माणूस तेच गावभर सांगत होता. आणि ही म्हणत होती, "तो दारूक शिवत नाय. माका फक्त कळूक व्हया, कसो गेलो तो."

हवालदाराने परवानगीचा कागद टाईप केला. सही माझी हवी होती. त्याला एक विशिष्ट केबल लागत होती, ती आणायला मीच बाजारात गेलो. सही परत आल्यावर करू म्हटलं. नशीब म्हणायचं.

वैनीच्या दुकानात गेलो. ती दोडामार्गाकडची. लग्नाआधी रोज बसने गोव्यात जाऊन एका दुकानात हे काम शिकलेली. शाळा तिचीही अर्धीच. काचेखाली एक फोन उघडून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कशाक व्हयी ही केबल?"

मी सांगितलं.

तिने हातातला चिमटा खाली ठेवला. "दादा, तुमका कोणी सांगल्यान ह्या?"

"आमचा हवालदार. फोन चालू होईल म्हणतो."

"चालू होतलो. पण आतलो माणूस जातलो."

मान डोलावणार होतो, पण कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, "वैनी, मला यातलं काही कळत नाही. नीट सांगा."

नोकरीत इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो असेन.

तिने स्टूल पुढे सरकवलं आणि सांगितलं. दुसरं सॉफ्टवेअर घालायचं तर आधी फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं, आणि ते कुलूप उघडताना फोन स्वतःच सगळं पुसून टाकतो. चोराने फोन उघडू नये म्हणून कंपनीने केलेली सोय आहे ती. एकदा पुसलं की परत नाही.

"मग लोक घालतात कशाला?"

"मी पण घातलंय की." तिने स्वतःचा फोन दाखवला. "ह्येका कंपनीन अपडेट देवचे बंद केल्यानी. फोन बरो, मग फेकू कशाक? पण घालायच्या आधी तीन गोष्टी बगतंय. फोन माजो आसा काय? आतला सगळा दुसरीकडे काढून ठेवलंय काय? आणि बिघाडलो तर रडाची तयारी आसा काय? तुमच्या त्या फोनाचा सांगा."

तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे एकच उत्तर होतं. नाही.

मग तिने विचारलं, "फोन समुद्रातसून इलेलो ना? चिन्ह येता, जाता, येता, जाता? दादा, सॉफ्टवेअर बिघाडलेला नाय. आमच्याकडे दहातले आठ बोटीवाले हीच तक्रार घेवन येतत. तो मिठाचो खेळ."

ठाण्यात परत आलो. कागद टेबलावर होता, पेनही ठेवलेलं. माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. साहेबांचा तोंडी हुकूम झालेला. मी त्या कागदावर सही केली नाही. स्टेशन डायरीत माझ्या वाकड्या अक्षरात नोंद केली, 'फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणताही बदल करू नये, पुरावा नष्ट होण्याची शक्यता आहे.' ते वाचून साहेब म्हणाले, "तुम्ही केव्हापासून तज्ज्ञ झालात?" मी म्हटलं, "झालो नाही साहेब. म्हणूनच लिहिलं." त्यांनी नोंद पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "बोलवा त्या बाईला. पत्र देऊन, पंचांसमोर, चित्रीकरण करून." हवालदारही खजील झाला होता. कॅमेरा त्यानेच धरला.

वैनी आली. फोनची कड भिंगाखाली धरली आणि मला बघायला बोलावलं. चालू-बंद करायच्या बटणाच्या खोबणीत मिठाचे बारीक पांढरे खडे बसले होते. पिशवी बंद होती, पण चार दिवसांचा दमट खारटपणा आत शिरलेला.

"ह्येचा बटण मिठान दाबून धरलेला आसा," ती म्हणाली. "कोणी सतत बटण दाबून धरल्यार फोन काय करतलो? बंद, चालू, बंद, चालू."

तिने फोन उघडला, ब्रशने खडे काढले, औषधाने पुसलं, दिव्याच्या उबेला ठेवला. चालू करायच्या आधी म्हणाली, "सिम काढा. समुद्रातल्या फोनात न गेलेले मेसेज अडकलेले असतत. रेंज मिळाली की सुटतत. त्याच्या बायकोच्या फोनार आता मेसेज वाजलो तर?"

सिम काढलं. फोन चालू झाला आणि चालूच राहिला.

पडद्यावर बोटाने काढायची कुलपाची खूण बायकोला माहीत होती. तिला आत बोलावलं. तिने बोट ठेवलं, चुकलं, साडीला पुसलं, पुन्हा ठेवलं. उघडला.

तिच्याच नावावर चार आवाजी मेसेज होते. चारही मेसेजांपुढे घड्याळाची खूण, म्हणजे न गेलेले. तारीख तो पडल्याचीच. पहिल्याची वेळ दुपारी दोनला दहा कमी. शेवटचा संध्याकाळी सहा वाजून गेल्यावरचा.

मी तिला म्हटलं, "बाई, तुम्ही बाहेर बसा."

"माजो घोव तो. मीच ऐकतलंय. तुमी जावा भायर."

कोणी गेलं नाही.

पहिल्यात तो जवळजवळ हसत होता. "मी पाण्यात पडलंय, घाबरू नको. जाळ्याचो तरंगतो बोया धरून आसंय. बोट फिरान येतली आता." दुसरा अर्ध्या तासाने. "गस्तीची बोट दिसली म्हणान जाळा तोडून पळाले. तांडेलान माका बघितल्यान. मी हात केलंय. येतले." तिसऱ्यात नुसता वारा, आणि मध्येच, "कोण नाय इलो." चौथ्यात आवाज ओळखू येत नव्हता. दात वाजत होते. त्यातले मुलीबद्दलचे चारच शब्द नीट लागले. "चेडवाची शाळा सोडवू नको."

ती रडली नाही. फोनवर हात ठेवून म्हणाली, "बगा. दारू नाय पिलेली." वैनी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली होती.

फोन पुन्हा सील करून प्रयोगशाळेत पाठवला. मग तांडेलाला आणलं. मारहाणीने सत्य बाहेर येतं यावर माझा कधी विश्वास नव्हता. मार खाल्लेला माणूस तुम्हाला पाहिजे ते सांगतो, घडलं ते नाही. चहा दिला, समोर बसवलं आणि चित्रीकरणाच्या प्रतीवरून फक्त दुसरा मेसेज ऐकवला.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आमका दिसत होतो तो."

"मग?"

"पर्ससीनाक बंदी असलेल्या पाण्यात होतंव आमी. मालकान वायरलेसार सांगल्यान, बोट धरली तर परवानो जातलो, फिरू नको, काळोख पडल्यार बगूया. काळोख पडल्यार गेलंव साहेबानू. देवाशपथ गेलंव. खंय मिळाचो नाय." पुढे म्हणाला, "पंचवीस जणांनी बघितला. हात हलवत होतो."

पंचवीस माणसं. आणि बंदरात येईपर्यंत सगळ्यांचं मिळून चार वाजून दहा मिनिटं ठरलं होतं.

गुन्हा दाखल झाला, मालक आणि तांडेल दोघांना अटक झाली. पुढचं न्यायालयात आहे, त्यावर बोलणं योग्य नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. ज्ञानाचं बोलण्याचा माझा अधिकार नाही. एवढंच सांगतो, बंद पडलेली वस्तू चालू करण्याची घाई आम्हा सगळ्यांना असते, फाईल बंद करण्याची असते तशीच. तो फोन त्या दिवशी आधी पुसला गेला असता आणि बटण सुटल्यावर झकास चालूही झाला असता. नवा, रिकामा, स्वच्छ. त्यात काहीच सापडलं नाही असा अहवाल मी खऱ्या मनाने लिहिला असता, आणि तो माणूस कायमचा दारुडा म्हणून मेला असता. आता मला कळत नसलं की मी विचारतो. उशिरा लागलेली सवय आहे, पण लागली.

वैनीला मात्र हे महागात पडलं. बोटवाल्यांनी तिच्याकडे जायचं सोडलं. "ती फोन उघडून पोलिसांका देता," असं जेटीवर कोणीतरी पसरवलं. मिठाने अडकलेली बटणं आता लोक कणकवलीला नेतात. मी एकदा दुकानात जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "दादा, तुमी साक्ष नीट द्या, बास झाला." आणि माझ्या जुन्या फोनची काच फुकट बदलून दिली.

माझी साक्ष अजून बाकी आहे. म्हणून निवृत्त होऊनही गावी परतलो नाही, इथेच एक खोली घेऊन राहतो. तब्येत पूर्वीसारखी नाही. तारीख पुढे गेली की रात्रभर झोप लागत नाही. पण वैनी, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. ज्या दिवशी निकाल लागेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेटीवर जाईन. माशांचा लिलाव भरलेला असेल, त्या पंचवीसांतली माणसं असतील, बाकी बोटींचे मालक असतील. तेव्हा मी मधोमध उभा राहून, आज इथे लिहिता आलं नाही ते तुमचं पूर्ण नाव घेईन, आणि तुम्ही काय केलंत ते सगळ्यांना सांगेन.