चौथ्या वळणावरची मूठ

वहिनीला स्वतःचं नाव होतं, पण ते मतदार यादीपुरतं. शेंबड्या पोरापासून पिकल्या मिशीच्या मोटरसायकलवाल्यापर्यंत सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या गॅरेजात तिची भूमिका बिनसंवादाची. यायचं, चहाचा कप ठेवायचा, विंगेत परत. पण कप ठेवता ठेवता तिने इतकं टिपून घेतलं, की पाच वर्षांत इंजिन नवरा खोलायचा आणि त्याला पेट्रोल किती, हवा किती, हे ती ठरवायची.

तिची रीत साधी. सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर, सीटखाली काडेपेटीएवढी डबी. गाडी फिरून आली की डबी लॅपटॉपला जोडायची. मग पडद्यावर क्षणाक्षणाची नोंद उमटे: इंजिन किती फिरलं, वेग वाढवणारी हँडलची मूठ किती पिळली, पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं. "रोग्याचं ऐकावं, पण नाडी आपण बघावी," असं ती म्हणे.

आणि नेमकी घरच्याच रोग्यापाशी फसली.

धाकटा दीर डोंगररस्त्यावरच्या शर्यतीत उतरायचा. गेल्या वर्षी चौथ्या वळणावर पडून त्याने खांदा मोडून घेतला होता. यंदाची शर्यत रविवारी, नाव द्यायची मुदत आज पाचपर्यंत. दुपारी हेल्मेट काखोटीला मारून तो आला.

"वहिनी, गाडी चौथ्या वळणावर गुदमरते. तीनदा दुरुस्त केलीत, तीनदा बिघडली. मी नाव देत नाही."

"गाडीमुळे?"

"मग काय माझ्यामुळे?"

"अजून एक चमचा पेट्रोल घाल की," दुसऱ्या गाडीखालून नवऱ्याने टोला हाणला.

वहिनीने लॅपटॉप पुढे ओढला. तीनदा तिने हेच केलं होतं. चौथ्या वळणावर पेट्रोल कमी दिसे, म्हणून ती वाढवे. आज तिने त्याच्या सरावाच्या सहाही फेऱ्यांच्या नोंदी उघडल्या आणि पहिल्यांदाच मुठीचा आकडा शेजारी लावला. चौथ्या वळणावर मूठ शून्य. सहाच्या सहा वेळा. मूठ मिटली की पेट्रोल कमी दिसणारच. तो रोग नव्हेच. एकाच नटाकडे बघत बसली आणि सगळा रंगमंच विसरली. तिने ओतलेलं जादा पेट्रोल मूठ उघडताच गाडीच्या घशात अडकत होतं.

"भावोजी, गाडी गुदमरते ती माझ्यामुळे. नको तिथे पेट्रोल घातलं मी."

"बघा. मी काय म्हणत होतो?"

"पण मूठ तुम्ही सोडता."

तो हेल्मेटची पट्टी चाळवत राहिला. "सोडत नाही. जरा ढिली करतो."

"शून्य म्हणजे जरा का?"

तो ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसला. हळूच म्हणाला, "दादाला सांगू नका."

"दादा इथेच आहे," गाडीखालून आवाज आला. "आणि दादा त्याच वळणावर दोनदा पडलाय, बाबा. तू शाळेत होतास तेव्हा. बोललो नाही कधी, एवढंच."

तिघांनाही हसू आलं. वहिनीने वाढवलेलं पेट्रोल काढून टाकलं. "आता गाडीची हमी माझी. वळणात मूठ थोडीशी उघडी ठेवा, आणि तेवढीच धरून ठेवा. मिटलीत तर ती गचका देते. धरलीत तर तुम्हाला उचलून बाहेर काढेल. जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

तो गाडी घेऊन वळणाकडे गेला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता. वहिनीने डबी जोडली. चौथ्या वळणात पेट्रोलची रेघ आखल्यासारखी सरळ.

"मूठ किती?" त्याने विचारलं.

"चौदा टक्के."

"फक्त चौदा? मला वाटलं पन्नास तरी असेल."

"शून्यातून आलायत, भावोजी. चौदा खूप झाले."

"रविवारी वीस करतो."

"चौदाच करा. गाडी त्याच्यावर खूश आहे."

पाचाला वीस मिनिटं असताना तो नाव द्यायला निघाला. दारात पुढचं गिऱ्हाईक धूर ओकणारी गाडी ढकलत उभं होतं. वहिनीने सेन्सर पुसला आणि त्या गाडीच्या नळीत सारला.