ठिपक्यांचं पुस्तक

कान्हे गावच्या गेणूआबांनी विणलेली बाज लांबूनही ओळखू यायची. वर्षभर माणसं बसून-लोळून पायथ्याची दोरी ढिली पडली तरी मधली नक्षी जागची हलत नसे, आणि ती नक्षी नेहमी दोनच रंगांची असे, काळ्या आणि पांढऱ्या. लोणावळ्याच्या ढाब्यांवर, रिसॉर्टांच्या हिरवळीवर त्यांच्या हातच्या पन्नासेक बाजा तरी पडल्या असतील. कुणी म्हणालं, आबा, जरा लाल-हिरवी पट्टी वापरा की, तर ते म्हणायचे, काळं-पांढरं कधी जुनं होत नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याची आवड आहे.

ती आवड नव्हती. गेणूआबांना लाल, हिरवा आणि तपकिरी यांतला फरक कळत नव्हता. जन्मापासूनच कळत नव्हता. हे फक्त त्यांच्या बायकोला, भागुबाईला ठाऊक होतं, आणि तिला जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती.

भागुबाईला ते कसं कळलं त्याची गोष्ट आहे. मुलगी सारिका पोटात होती आणि डोहाळजेवण ठरलं होतं. हिरवं लुगडं आणायला गेणूआबा वडगावच्या बाजारात गेले. दुकानदारानं लुगड्यांची चळत पुढ्यात टाकली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. यातलं हिरवं कोणतं, असं भरल्या दुकानात विचारायचं कसं? त्यांनी पोत चांगलं बघून एक उचललं आणि घरी आणलं. बायकांनी घडी उलगडली तर लुगडं तपकिरी. हसण्याचा गलका झाला. भागुबाई मात्र हसली नाही. म्हणाली, "मीच म्हनलं व्हतं, हिरवं हाय माझ्याकडं, ह्ये रोजच्याला आना."

बायका गेल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, आणि त्यांनी पहिल्यांदा कुणाला तरी रेल्वेची हकिगत सांगितली.

चौऱ्याहत्तर साली रेल्वेत रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनच्या जागा निघाल्या होत्या. गेणू बावीस वर्षांचा, सातवी पास, अंगानं दणकट. पळण्यात, वजन उचलण्यात पुढे होता. शेवटी डॉक्टरांनी एक पुस्तक उघडून समोर धरलं. पानभर रंगीत ठिपकेच ठिपके. डॉक्टर म्हणाले, यातला आकडा वाच. गेणूनं पान निरखून पाहिलं. आकडा कुठंच नव्हता. डॉक्टरांना वाटलं, पोरगं अडाणी आहे. "शाळा शिकलास ना? मग वाच." त्यांनी एकामागून एक पानं उलटली. गेणूला वाटलं, हे आपली चेष्टा करताहेत. मग डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं, "डोळे फेल" म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. गावात येऊन त्यानं सांगितलं की वशिला नव्हता म्हणून राहिलं. पुढं तीस-पस्तीस वर्षं लोणावळ्यात एका बंगल्याची राखण केली आणि रिकाम्या वेळात बाजा विणल्या.

भागुबाईनं ऐकून घेतलं. त्या दिवसापासून ती नवऱ्याचे कपडे काढून ठेवायची, पिकलेला टोमॅटो आधी आपण उचलायची, बाजारात त्यांच्या पुढं चालायची. एकदाच तिनं गमतीनं विचारलं होतं, "अवो, माझं कुकू तुमाला कसं दिसतं?"

"काळपट," ते म्हणाले. ती पोट धरून हसली. तपकिरी लुगडं तिनं विरेपर्यंत नेसलं.

सारिका इंदुरी गावात दिली होती. नवरा गेला तेव्हा तिचा समर्थ तीन वर्षांचा होता. ती पोराला घेऊन माहेरी आली आणि गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये फुलं बांधायच्या कामाला लागली. समर्थ आजोबांच्या मांडीवरच वाढला म्हणायचा. पाच वर्षांचा असताना त्यानं शाळेतून एक चित्र आणलं, घर आणि घरापुढं झाड. सारिकाला हसू आवरेना. झाडाचा बुंधा हिरवा आणि पानं तपकिरी रंगवली होती. शेजारणीनंही पाहिलं, तीही हसली. सारिकानं चित्र वडिलांपुढं धरलं, बघा तुमच्या नातवानं काय केलंय.

गेणूआबांनी पाहिलं. त्यांना चित्रात चूक काहीच दिसेना. झाड झाडासारखं होतं. आणि सगळ्यांना दिसलेली चूक आपल्याला दिसत नाही, हे मग त्यांच्या ध्यानात आलं. लहान हाय, शिकंल, असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. त्या वेळी भागुबाई होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. लेकीला सांगून टाकू, असं ती दोन-तीनदा म्हणाली. आबा म्हणाले, मोठा झाल्यावर बघू. मग भागुबाई आजारी पडली आणि ते बघायचं राहूनच गेलं.

पोराच्या हाताला मात्र कला होती. दहाव्या वर्षी तो आजोबांसमोर बाजेची दुसरी बाजू धरून बसायला लागला. पट्टी कितीव्या दोरीखालून काढायची, कुठं सोडायची, हे त्याला सांगावं लागत नसे. सोळाव्या वर्षी त्यानं स्वतःच्या मनानं एक नक्षी काढली, पायऱ्या उतरत जाऊन मधल्या चौकात मिळणारी. ती बाज लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर गेली, आणि तिथं सुट्टीला आलेल्या ज्योत्स्नाबाई तिच्यावर बसण्याऐवजी खाली वाकून ती पाहत राहिल्या. बाई पुण्यात विद्यापीठात टेक्स्टाइल डिझाइन शिकवत. मॅनेजरकडून पत्ता घेऊन त्या कान्ह्याला आल्या. याची पदवी असते, बारावी झाली की प्रवेशपरीक्षेला बसवा, असं त्यांनी सारिकाला सांगितलं. कापडावरच्या नक्षीची पदवी असते हे त्या घराला त्या दिवशी कळलं.

बारावीनंतर समर्थ परीक्षेला बसला. पेन्सिलीचं काम त्याचं उत्तम झालं. रंगकामाचं काय, तर रंगीत पेन्सिलींवर नावं छापलेली असतात. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी गेणूआबांनी सांगायचं ठरवलं होतं. सकाळपासून ते ओट्यावर बसून शब्द जुळवत होते. दुपारी सारिका पॉलिहाउसमधून आली ती पेढे घेऊनच, आणि सगळ्यात आधी तिनं बापाच्या तोंडात पेढा घातला. भरल्या तोंडानं काय बोलणार? ते मनाशी म्हणाले, रेल्वेची गोष्ट वेगळी, शिकायच्या ठिकाणी ठिपक्यांचं पुस्तक कशाला येतंय.

पहिलं वर्ष छान गेलं. चौकटीच्या कागदावर विणीचे आराखडे काढायचे आणि ते मागावर पांढऱ्या सुतात उतरवायचे. समर्थचे नमुने बाई वर्गाला दाखवायच्या. रंगीत सूत लागलं तर तो लडी घरी आणायचा आणि आईकडून प्रत्येकीला रंगाच्या नावाची चिठ्ठी बांधून घ्यायचा. आपल्याला रंग जरा कमी समजतात, सवयीनं येतील, असं तो म्हणे. बाजेवर वाकलेले आजोबा वर बघत नसत.

दुसऱ्या वर्षी रंगवायचं काम आलं. पाच जणांनी मिळून पडद्यांचं कापड करायचं होतं, झाडांच्या खोडांचा आणि पानांचा आराखडा, समर्थनंच काढलेला. रंगवलेल्या लडी वाळत घातल्या होत्या, चिठ्ठ्या बांधूनच. पण सूत ओलं होतं, खोलीत वाफ होती, आणि चिठ्ठ्यांवरची शाई ओघळून गेली. कुणाला विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. भरल्या वर्गात विचारायची त्याला लाज वाटली. त्यानं लडी अंदाजानं लावल्या आणि दोन दिवस एकट्यानं बसून मागावर बाराशे उभ्या धाग्यांचा ताणा चढवला. सकाळी बाकीचे चौघे आले. हिरवा न् तपकिरी, धागा धाग्यात मिसळला होता. एक जण म्हणाला, "काय रे, डोळे मिटून भरलास का?" बाकीचे हसले. समर्थ ताण्याकडे बघत राहिला. त्याला चूक दिसत नव्हती.

ज्योत्स्नाबाईंनीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथं रंगांचा दोष निघाला, आणि पुढच्या आठवड्यात पालकांना बोलावलं. सारिकाला रजा मिळेना, फुलांचा हंगाम होता. गेणूआबा धुतलेलं धोतर नेसून नातवाबरोबर गेले.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी चहा मागवला, समोर बसून शांतपणे समजावलं. रंगाचे दोन विषय पास झाल्याशिवाय पदवी मिळत नाही. सवलत द्या म्हणून त्यांनी वर लिहिलं होतं, नकार आला. पहिल्या वर्षीच कळलं असतं तर शाखा बदलून देता आली असती; तिची मुदतही आता गेली. मग त्या म्हणाल्या, "हे मुलाला आईकडून येतं, आबा. तिच्या वडिलांना असतं बऱ्याचदा. तुम्हाला कधी रंगांचा काही त्रास?"

समर्थनं मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

"न्हाई," गेणूआबा म्हणाले.

पन्नास वर्षांची सवय होती. शब्द तोंडातून गेला, मग त्यांना कळलं की आपण काय बोललो.

परतीच्या गाडीत दोघं कान्हे येईपर्यंत शेजारी बसून होते. उतरल्यावर समर्थ फलाटाच्या टोकाला जाऊन थांबला. चार-साडेचारची उन्हं होती. पुढं सिग्नल होता.

"आबा, सिग्नल कुठला लागलाय?"

"खालचा दिवा हाय. म्हंजी थांबायचं."

"खालचा-वरचा नाही विचारलं. रंग विचारला."

गेणूआबा दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला कुटं दिसतोय रं."

समर्थनं मान हलवली, जशी काही हिशेबाची शेवटची ओळ जुळली. माझ्यातलं कधी कळलं, असं त्यानं विचारलं. आबांनी झाडाच्या चित्राचं सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तक, वशिल्याची थाप, डोहाळजेवणाचं लुगडं, सगळं सांगितलं. पन्नास वर्षांत एवढं ते कधी बोलले नव्हते. पोरगं ऐकत होतं, रुळांकडे बघत.

"म्हणजे मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून."

"व्हय."

"आणि फॉर्म भरला तेव्हा?"

"तवा तुझी आई पेढं घिऊन आलती."

समर्थ रागावला असता, ओरडला असता, तर आबांना बरं वाटलं असतं. त्यानं फक्त त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या हातात घेतली आणि म्हणाला, "आईला काय सांगायचं ते तुमी ठरवा. मी नाही सांगणार." आणि तो पुढं चालायला लागला, म्हाताऱ्याला बरोबर येता येईल इतक्या बेतानं.

विद्यापीठ सुटलं. तळेगावच्या बाजूला एका गोदामात त्याला खोकी उचलायचं काम मिळालं. बाई काय म्हणाल्या ते दोघांनीही घरी सांगितलं नाही; सारिकाला वाटलं, मित्रांशी बिनसलं, त्या पडद्यांवरून पोराचं मन उडालं. ती रोज त्याला पुन्हा जायला सांगे. तो हूं म्हणे. बाजेला मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही. चौकटीच्या कागदांची वही फडताळात वर ठेवून दिली होती. आबांनी एकदा ती काढून पाहिली आणि होती तशी ठेवली.

पावसाळा सरल्यावर रिसॉर्टच्या मॅनेजरनं निरोप पाठवला, सहा बाजा हव्यात, पण हिरव्या आणि तपकिरी पट्टीच्या; पट्टी आम्हीच देतो. दोन गठ्ठे टेम्पोतून आले. गेणूआबांनी परत पाठवले नाहीत. रविवारी सकाळी सारिका ओट्यावर तांदूळ निवडत होती, समर्थ दारात बसून दुपारच्या पाळीसाठी बूट पुसत होता. आबांनी दोन्ही गठ्ठे उचलून लेकीपुढं ठेवले.

"सारे, यातलं हिरवं कुटलं, त्ये सांग."

सारिका हसली. तिला वाटलं, चष्मा सापडत नाही. "अवो आबा, हे नाही का समोर."

"मला कळत न्हाई. कवाच कळलं न्हाई."

तिचा तांदळातला हात थांबला. तिनं बापाकडे पाहिलं, गठ्ठ्यांकडे पाहिलं. आईचं ते तपकिरी लुगडं आणि त्यावरून घरात होणारी थट्टा ती लहानपणापासून ऐकत आली होती. मग तिनं दाराकडे, पोराकडे पाहिलं. समर्थनं मान वर केली नाही. आणि मग सारिकानं सूप बाजूला ठेवलं, आत गेली, कागद फाडून दोन चिठ्ठ्या लिहून आणल्या आणि एकेका गठ्ठ्याला बांधल्या. सूप घेऊन आत गेली ती बाहेर आली नाही.

समर्थनं बूट चढवले, डबा घेतला. जाताना तो बाजेच्या रिकाम्या चौकटीपाशी क्षणभर थांबला.

"चिठ्ठी भिजली की शाई जाते, आबा," तो म्हणाला. "पट्टीच्या टोकाला गाठी मारा. हिरव्याला एक, तपकिरीला दोन. बोटाला लागतील."

तो गेला. गेणूआबांनी एका पट्टीच्या टोकाला एक गाठ मारली, दुसरीला दोन. पुन्हा पुन्हा चाचपून पाहिल्या. मग चौकटीच्या अलीकडच्या अंगाला बसून त्यांनी पहिली पट्टी ताणली. पलीकडची बाजू धरायला कुणी नव्हतं. पट्टी अडकवायची, उठून पलीकडे जायचं, ओढून घ्यायची, परत अलीकडे यायचं. दुपारपर्यंत चार बोटं वीण झाली. ती हिरवी होती की तपकिरी, ते बोटांना ठाऊक होतं.