बाटली सुटली की नेऊ

हैदराबादला नारायणगुड्याच्या आमच्या गल्लीत कुणाचं लेकरू बाटली सोडत नसलं, की त्याला त्रिवेणीकाकूंकडं न्यायचं, असा रिवाजच पडला होता. सिकंदराबादला रेल्वेतून रिटायर झालेल्या हणमंतरावांची ही बायको. माहेर बिदरकडचं, शाळा चौथीपर्यंत, आणि बोलणं असं की नव्या माणसाला वाटावं, भांडतेय. माझा ओंकार सव्वा वर्षाचा झाला तरी बाटलीशिवाय झोपेना. मी जामबागच्या शाळेत शिकवायला, सकाळी सातला घर सोडायचं. मी परेशान झालेली बघून काकूच म्हणाल्या, "आण इकडं, अलका. पंधरा दिवस दे. आणि मधे मधे नाक खुपसू नक्को."

त्यांची रीत साधी होती. बाटलीतल्या दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवायचं. वाटीतलं दूध मात्र दाट, वर चिमूटभर साखर. "लेकरू येडं नसतं. जिकडं चव तिकडं जातं." आधी दुपारची बाटली बंद, मग सकाळची, झोपतानाची सगळ्यात शेवटी. दुधाच्या आधी मऊ भात, वरणाचं पाणी, तूप. दात आले की दुधात कुस्करलेली भाकरी. घास बोटाच्या टोकावर मावेल एवढाच, तेलुगू बायका गोरुमुद्द म्हणतात तसा. बाराव्या दिवशी ओंकारनं बाटली आपल्या हातानं फेकून दिली आणि मी काकूंच्या पाया पडले.

ते दिवस असे होते की गल्लीत जिकडं बघावं तिकडं बाटल्या. कंप्युटरच्या कंपन्या निघाल्या, पोरी नोकऱ्यांना लागल्या, दुकानात दुधाच्या पावडरीचे डबे छतापर्यंत रचलेले. मी नोकरी करणारीच, मी कुणाला नावं ठेवणार? पण बाटली लावायला सगळे, सोडवायला एक काकू. एकोणीस लेकरं गेली होती त्यांच्या हाताखालून. विसावी त्यांची स्वतःची नात, शर्वरी.

काकूंचा एकुलता एक विवेक आणि त्याची बायको केतकी, दोघं सॉफ्टवेअरमधले. केतकी पुण्याची, हुशार, कामाची. अठ्ठ्याण्णव साली दोघांना अमेरिकेचं काम मिळालं तेव्हा शरू सात महिन्यांची होती. केतकीनं काकूंच्या हातात पोर दिली, सोबत चार बाटल्या, उकळायचा चिमटा आणि एक यादी. "आई, तिथं मी नर्सरी बघून ठेवलीय. पण ते बाटलीवर असलेलं मोठं मूल घेत नाहीत. वाटीनं दूध प्यायला लागली, नीट जेवायला लागली, की लगेच येऊन नेऊ." विवेक म्हणाला, "आईला काय सांगतेस, वाढदिवसाच्या आत सोडवेल ती." काकू हसल्या. मला तेव्हाच ते हसणं आवडलं नव्हतं.

वाढदिवस झाला. शरू बाटलीवरच. दीड वर्ष झालं, तरी बाटली. भाताचे दोन घास खाल्ले की हात बाटलीकडं. रविवारी सकाळी केतकीचा फोन यायचा, सुटली का, आणि काकू म्हणायच्या, "नाही बाई, हट्टी आहे, बापावर गेलीय." मग केतकी तिकडून उपाय सांगायची, पुस्तकात वाचलेले. उंटावरून शेळ्या हाकणं नुसतं. काकू हौ हौ म्हणत ऐकून घ्यायच्या. ज्या बाईनं मला नाक खुपसू दिलं नाही, ती सुनेचं सगळं निमूट ऐकते, इथंच खरं तर मला कळायला पाहिजे होतं.

एकदा दुपारी मी गेले, तर शरू वाटीला तोंड लावून मागं सरकत होती. "बघ," काकू म्हणाल्या, "घेतच नाही." तेवढ्यात दारात भाजीवाला आला, त्या उठून गेल्या. मला वाटलं, दूध नासलं असेल, म्हणून मी वाटीतलं घोटभर तोंडात घेतलं. पांढरं पाणी होतं ते. शेजारी बाटली होती. काकूंनीच शिकवल्याप्रमाणे मनगटावर दोन थेंब पाडले आणि चाटून बघितले. दाट दूध, आणि साखर अशी की दात शिवशिवावेत.

माझं डोकं सणकलं. भाजीची पिशवी घेऊन त्या आत आल्या, तशी मी वाटी पुढं केली. "काकू, हे काय आहे?"

त्यांनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खाली बसून भेंडी निवडायला लागल्या. "तुला ठाऊक आहे काय आहे ते."

"तिची आई तिथं रडते, काकू. पोरीचे फोटो बघून दुधाची तहान ताकावर भागवते ती."

"रडत असेल की. मीपण विवेक गेला तेव्हा रडले. कुणी आणून दिला का मला?" एका भेंडीचं टोक मोडून म्हणाल्या, "हे लेकरू गेलं की मी आणि हे. सकाळी दोन ताटं, संध्याकाळी दोन ताटं. इतकी लेकरं सोडवली मी, अलका. सुटलं की जातंच. एखादं राहू दे की."

मला पुष्कळ बोलायचं होतं. नाही बोलले. पुढच्या आठवड्यात केतकीनं मलाच फोन केला. "अलकाताई, तुम्ही तरी खरं सांगा, आई प्रयत्न करतात ना?" मी म्हणाले, "करतात गं, पोर हट्टी आहे." मूग गिळून बसणं वेगळं आणि धडधडीत खोटं बोलणं वेगळं. मी खोटं बोलले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीच्या आधी शरूचे वरचे चार दात तपकिरी झाले. मग काळे. भाताचा घास तोंडात गेला की कळवळायची, गाल धरून काकूंच्याच मांडीत तोंड खुपसायची. कोठी भागातल्या दातांच्या डॉक्टरकडं आम्ही दोघी घेऊन गेलो. त्यानं बॅटरीनं आत बघितलं आणि विचारलं, "बाटलीत साखर कोण घालतं?" काकू पदरानं शरूचं तोंड पुसायला लागल्या. मी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडं बघत राहिले. रिक्षात येताना पोर त्यांच्या खांद्यावर कण्हत होती आणि काकू तिची पाठ थोपटत एकच म्हणत होत्या, "माझ्या हातानं केलं मी हे."

घरी येऊन त्यांनी चारही बाटल्या भांडीवालीला देऊन टाकल्या. पाणी वाढवणं नाही, पंधरा दिवस नाहीत. पोरीनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. काकू तिला कडेवर घेऊन फिरायच्या, गार वरणभात बोटानं गालाच्या आतून भरवायच्या, दुखऱ्या दातांना घास लागू न देता. नवव्या दिवशी शरूनं पूर्ण वाटी दूध प्यायलं आणि वाटी पालथी घालून दाखवली. हणमंतरावांनी टाळ्या वाजवल्या. काकू त्यांना म्हणाल्या, "फोन लावा तिकडं. सुटली म्हणावं."

तीन आठवड्यांत दोघं आले आणि घेऊन गेले. काळे दात बघून केतकीचा चेहरा उतरला, पण कशानं झाले, ते तिनं विचारलं नाही. विमानतळावर शरू काकूंच्या पदराला धरून किंचाळत होती. विवेकनं एकेक बोट सोडवलं.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम काकूंकडं जाऊन बसले. फोन आला. अमेरिकेतून बोलायचं म्हणून केतकी ओरडूनच बोलायची, सगळं बाहेर ऐकू यायचं. "आई, ती कपाला तोंडच लावत नाही हो. माझ्या हातचा घास थुंकून टाकते. उपाशी किती ठेवणार? शेवटी आम्ही परत बाटली सुरू केली."

काकूंनी फोनची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाल्या, "साखर नका घालू तिच्यात."

"साखर? बाटलीत साखर कोण घालतं, आई?"

"मी घालायचे," काकू म्हणाल्या, आणि फोन हणमंतरावांच्या हातात देऊन आत गेल्या. पलीकडून केतकी हॅलो हॅलो करत राहिली. हणमंतराव फोन धरून माझ्याकडं बघत होते, आणि मला मान वर करता येईना.