बाराचा पहारा

आमचे अण्णा देवाला हात जोडत नाहीत, पण गावातल्या मारुतीच्या सभामंडपाची निम्मी खडी त्यांनी डोक्यावर वाहिली आहे. स्लॅबच्या दिवशी अंधार पडेपर्यंत पाट्या टाकल्या, आणि कळस चढायच्या दिवशी शेळ्या घेऊन सरळ माळावर. कोणी टोकलं की म्हणायचे, "काम व्हतं तवर आलतो. आता नुसतं उभं ऱ्हायाचं हाय, तेला तुमी लई जण हाव की."

अण्णा म्हणजे माझे वडील, शहादेव. मी मंजुषा, त्यांची थोरली. मला वडवणीला दिलंय. मी तापट आहे हे सासरचे सांगतीलच, तेव्हा आधी मीच सांगून टाकते.

शिरूर कासारच्या बाजूला आमचं गाव. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं कारखान्याच्या वाटेला लागतात. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. अण्णा आणि माझी आई वत्सलाबाई, आम्ही तिला माय म्हणतो, हा एक कोयता माझ्या जन्माआधीपासूनचा. अण्णा तोडणार, माय मोळ्या बांधणार, आणि दोघांचं तोंड दिवसभर चालणार. फडात शिरताना माय जमिनीला हात लावून कपाळाला लावायची. अण्णा म्हणायचे, "सांग तुज्या देवाला, एक दिस येऊन मोळी उचल म्हनावं." माय म्हणायची, "तोच उचलतोय. तुमाला वाटतंय तुमीच उचलताव." शेजारच्या फडातली माणसंसुद्धा हसायची.

माझा भाऊ अभिमन्यू मायवर गेला होता. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि चैत्रात सप्ताह बसला की आठवडाभर मुक्काम देवळात. आमच्याकडे सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकानं ती गळ्यात घालून उभं राहायचं आणि नाम चालू ठेवायचं; त्याची वेळ संपली की दुसऱ्यानं येऊन ती आपल्या गळ्यात घ्यायची. याला पहारा म्हणतात. दुसरा आला नाही तर पहिल्यानं तसंच उभं राहायचं, पाय मोडले तरी. आणि ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचं, मग तो कोणी का असेना. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, आणि वीणा गळ्यातून गेली की देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या.

भर उन्हातला बाराचा पहारा कोणाला नको असतो. तो दरवर्षी अभिमन्यू घ्यायचा. त्याच्यानंतर दोनचा हरिओम. हरिओम म्हणजे अभिमन्यूचा जिगरी दोस्त, पलीकडच्या आळीतला, आमच्याच ताटात जेवून मोठा झालेला. दोघं लाल तोंडं घेऊन घरी आले की अण्णा विचारायचे, "आलाव का बे उभं राहून? खुर्ची बी दिली न्हाई का देवानं?"

गेल्या भादव्यात ते दोघं मोटारसायकलवर मांजरसुंब्याहून घरी निघाले. हरिओम चालवत होता, अभिमन्यू मागं बसला होता. गाव सोडून थोडं पुढं आले आणि रानडुक्कर आडवं गेलं. हरिओमचा पाय मोडला. अभिमन्यू गेला. कोणी तरी वाहन थांबवून उचलेपर्यंत दोघं बराच वेळ रस्त्याच्या कडेला पडून होते, एवढंच आम्हाला समजलं. पुढचं आमच्या घरात कोणी विचारलं नाही.

अण्णांनी सगळं केलं. खांदा दिला, अग्नी दिला, पिंडाला कावळा शिवेपर्यंत नदीकाठी बसले. डोळ्यातून टिपूस नाही. माणूस सकाळी उठायचा, शेळ्या सोडायचा, ताट पुढं आलं की जेवायचा, नाही आलं तर मागायचा नाही. विनोद तर गेलेच. पाहुणे येऊन शिकवायचे, "नामस्मरण करा शहादेवराव, मन शांत होतं." अण्णा म्हणाले, "शांतच हाय की. अजून किती शांत करताव?"

दिवाळीनंतर कोयता घेऊन दोघं गेलेसुद्धा. मी मायला फोन करायची. "अण्णा बोलतात का गं?" "ऊस तोडतेत," माय म्हणायची. अख्खा हंगाम दोघांनी एकमेकांशी कामापुरतं बोलून काढला.

आणि हरिओम. पायातला रॉड घेऊन, कुबडी टेकत, तो सुरुवातीला रोज आमच्या अंगणात येऊन उभा राहायचा. अण्णा शिव्या देतील, मारतील, अशी त्याची तयारी असावी. अण्णा त्याच्या अंगावरून नजर अशी न्यायचे की जणू तिथं विजेचा खांब पण नाही. दावं सोडायचे, शेळ्या हाकायचे, त्याच्या शेजारून निघून जायचे. एक शब्द नाही. शेवटी मायच म्हणायची, "जा लेकरा, घरी जा." मला त्या पोराची कीव यायची आणि अण्णांचा राग यायचा. मारा तरी एकदा! पण नाही.

राग मला मायचाही यायचा. सकाळी तुळशीपुढं, दुपारी भांडी घासताना, संध्याकाळी दिवा लावताना, तिचं तोंड आपलं चालूच. ज्या देवानं पोरगं नेलं त्याचंच नाव! चैत्रात मी माहेरी आले तेव्हा एकदा मी फटकन विचारलं, "माय, खरंच बरं वाटतं का गं तुला हे घोकून?"

माय ज्वारी निवडत होती. म्हणाली, "न्हाई."

"मग कशाला?"

"तोंड रिकामं ठिवलं की तेचं नाव येतं. मंग दिसभर काम व्हत न्हाई. म्हनून देवाचं घेते."

मी सूप ओढलं आणि निवडायला बसले.

सप्ताह बसला त्याच दिवशी. मी, माय आणि अण्णा घरात होतो. देवळावरच्या भोंग्यातून टाळांचा आवाज येत होता. माय भाकरी थापत होती, अण्णा दारात बसून दावं वळत होते. दुपार झाली आणि भोंग्यातून बबनरावांचा आवाज आला. बबनराव म्हणजे सप्ताहाचे कर्ते, सत्तरीचे, दहाचा पहारा त्यांचा. थकलेल्या आवाजात, नेहमीच्या सवयीनं म्हणाले,

"अभिमन्यू शहादेव... बाराचा पहारा हाय. अभिमन्यू, लवकर या बाबा, पाय दुखायलेत."

टाळ थांबले. मागं कोणी तरी बोललं, काही तरी पडलं, आणि भोंगा बंद झाला.

दुष्टपणा नव्हता त्यात. गावात कोणाला कोणता पहारा, हे सगळ्यांना पाठ असतं. कोणी मेलं तरी ते पाठच राहतं. बाराचा दुसऱ्या कोणाला द्यायचा, हे या वर्षी कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण माझ्या अंगाचा भडका झाला. "मी जाते आणि त्या म्हाताऱ्याला विचारते," म्हणत मी उठले.

माझ्या आधी अण्णा उठले. दावं खुंटीला अडकवलं, रांजणातलं पाणी पायावर घेतलं, टोपी घातली आणि निघाले. भाकरी तव्यावर टाकून माय त्यांच्या मागं. तव्याखालचा जाळ ओढून मी मायच्या मागं.

देवळात सगळे मान खाली घालून उभे होते. बबनरावांच्या डोळ्यातून धारा लागल्या होत्या. "चुकलं रं शहादेव, लई चुकलं माजं," ते म्हणत होते, पण वीणा गळ्यात, हात जोडता येईनात. अण्णा त्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"द्या," म्हणाले.

सुग्रीव नावाचा एक टाळकरी आहे, फार सोवळा. तो पुटपुटला, "तेच्या गळ्यात माळ न्हाई, बबनराव."

"गप बस," बबनराव म्हणाले. "पोराचा पहारा बाप घेतोय."

अण्णा वाकून त्यांच्या पाया पडले. वीणा अण्णांच्या गळ्यात आली, हार आला. बबनराव त्यांच्या पाया पडले आणि तिथंच बसकण मारली. टाळ परत सुरू झाले. सगळे नाम घेत होते, अण्णांचे ओठ मिटलेले. तारेवर बोट तेवढं फिरत होतं. बायका-माणसं येऊन पाया पडत होती. जन्मभर ज्यांची टिंगल केली ती माणसं. माय आली, तिनंही डोकं टेकलं. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. ऊन पायरीवरून आत सरकत होतं आणि मी खांबाला टेकून एकच विचार करत होते. दोनला हरिओम येणार.

आला. लंगडत, आंघोळ करून, ओल्या केसांनी. अण्णांना बघून दारातच थबकला. बहुतेक परत फिरला असता, पण वीणा घ्यायची वेळ झाली होती आणि घेणारा तोच होता. तो अण्णांच्या पुढं येऊन उभा राहिला. अण्णांनी नजर हलवली नाही. वीणाही दिली नाही.

टाळकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "शहादेवा, दे आता," बबनराव हळूच म्हणाले. ऐकू आलं की नाही कोण जाणे. अण्णा उभे. हरिओम समोर उभा, दुखऱ्या पायावर भार पडू नये म्हणून एका बाजूला कललेला. किती वेळ गेला मी बघितलं नाही. अण्णांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता आणि पुसायला हात रिकामा नव्हता. सुग्रीव पुढं झाला, "द्या इकडं, मी घेतो," म्हणाला. अण्णांनी मान हलवली. नाही. मला ओरडावंसं वाटलं, अण्णा, देऊन टाका की त्याला! मायनं माझं मनगट गच्च धरलं.

मग हरिओम वाकला. मोडलेला पाय दुमडत नाही, म्हणून तो एक पाय लांब पसरून बसला आणि त्यानं अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. ठेवलं ते उचललंच नाही. त्याची पाठ हलत होती.

अण्णांनी पहिल्यांदा खाली बघितलं. बघतच राहिले. "ऊठ," म्हणाले. दोघा टाळकऱ्यांनी धरून हरिओमला उभं केलं. अण्णांनी आपल्या हातानं हार काढून त्याच्या गळ्यात घातला. मग वीणा काढली, आपल्या टोपीत अडकलेला पट्टा सोडवला आणि तो त्याच्या खांद्यावर नीट बसवला.

आता देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं. बबनराव घाईनं म्हणाले, "ऱ्हाऊ दे शहादेव, तुजं दुःख समद्यांना म्हाईत हाय, ऱ्हाऊ दे." अण्णांनी ऐकलं नाही. ते वाकले, दोन्ही हात हरिओमच्या पायांवर ठेवले, आणि तसेच, वर न बघता, म्हणाले,

"हरिओम, तेला पानी पाजलं का बे तू?"

टाळ आपोआप थांबले.

"पाजलं अण्णा," हरिओम म्हणाला. " बाटली व्हती डिक्कीत. सरपटत जाऊन आनली."

"गिळलं का तेनं?"

"दोन घोट. मंग मान नको म्हनाली."

"गार व्हतं का?"

हरिओम थांबला. "व्हय अण्णा," तो म्हणाला. "गार व्हतं."

अण्णांना उठता आलं नाही. तिथंच, हरिओमच्या पायाशी, ते बसले आणि रडले. तोंड उघडं टाकून, नाक पुसायचं भान न ठेवता, लहान लेकरागत. सात महिन्यांचं सगळं बाहेर पडत होतं. माय जाऊन त्यांच्या शेजारी बसली आणि तीही रडली. मी खांबाआड गेले, कारण मला लोकांपुढं रडायला आवडत नाही. हरिओमनं रडतरडतच नाम सुरू केलं, कारण वीणा गळ्यात होती आणि पहारा त्याचा होता.

सुग्रीव मोठ्यानं म्हणाला, "बघा, देवानं पाझर फोडला मानसाला!"

अण्णांनी टोपीनं तोंड पुसलं. "देवानं न्हाई," ते म्हणाले. "पोरानं पानी दिलं व्हतं." आणि उठून देवळाबाहेर पडले. हात जोडले नाहीत.

घरी येताना माय मागं राहिली होती. अण्णा पुढं, मी त्यांच्या बरोबरीनं. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "अण्णा, तो पोरगा महिनाभर रोज अंगणात येऊन उभा राहत होता. तेव्हाच का नाही विचारलं?"

अण्णा चालत राहिले. आमचं दार दिसायला लागलं तेव्हा म्हणाले,

"न्हाई पाजलं म्हनला असता तर?"