पाटी नसलेलं वळण

यशवंतनाना गेल्याचा फोन आला तेव्हा टेबलावर माझ्या छोट्या आगगाडीचं इंजिन उघडं पडलं होतं आणि मी त्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढा स्पीकर बसवत होते. "सकाळी चहा घेता घेता गेले," त्यांची मुलगी म्हणाली. मी "बरं, निघते" म्हणाले, फोन ठेवला आणि पुढची पाच-दहा मिनिटं ती बारीक तार जोडतच राहिले. माणूस अशा वेळी असा का वागतो, देव जाणे. दीड महिना झाला त्याला. तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल लिहायला बसते आणि उठते, कारण त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझ्या एका आगाऊपणाबद्दलही लिहावं लागणार...

मी मूळची फैजपूरची, धुळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. खूळ आगगाड्यांचं. घराच्या वरच्या खोलीत चौदा फुटी टेबलावर मी चाळीसगाव-धुळे मार्ग उभा केला आहे : जामदा, शिरूड, बोरविहीर, सगळी स्टेशनं, बाभळी आणि फाटकांसकट. माझी गाडी पहिल्यांदा चारचौघांत धावली ती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात. मुलांना गंमत वाटावी म्हणून मी दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजवत होते. गर्दीतून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढे आले आणि अहिराणीत म्हणाले, "ताई, तुनी गाडी इतली कसाले बोंबली राह्यनी? कोनले काय सांगनं शे तिले?" मला राग आला. मग कळलं की ज्या मार्गाची मी प्रतिकृती केली होती, त्याच मार्गावर या माणसानं कित्येक वर्षं गाडी चालवली होती. राग गिळला आणि त्यांना घरी बोलावलं.

हेच यशवंतनाना. त्यानंतर दर रविवारी सकाळी ते धुळ्यातल्याच देवपुरातून सायकलवर यायचे. शिट्टी म्हणजे बोलणं, हे त्यांच्याकडून शिकले. इंजिनातला ड्रायव्हर आणि शेपटीच्या डब्यातला गार्ड, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. बोलणार कसे? निघताना एक लांब, एक आखूड. ब्रेक लाव म्हणून गार्डला सांगायचं तर तीन आखूड. गार्डला इंजिनापाशी बोलवायचं असेल तर एक लांब, दोन आखूड. गाडी पुढे जाऊच शकत नसेल तर चार आखूड, "आणि ती चार माले कधी आवडनी नही," असं ते वर सांगायचे. फाटकाच्या आधी 'सी/फा' अशी पिवळी पाटी असते. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक. तिथून फाटक ओलांडेपर्यंत लांब शिट्टी. पाटी फाटकाच्या सहाशे मीटर आधी असते, असं ऐकून मी हिशेब मांडला. माझ्या प्रतिकृतीत ती जवळपास सात मीटर आधी यायला हवी, म्हणजे शेजारच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाशी! नाना खूप हसले. शेवटी पाटी दोन हातांवर लावायची आणि गाडी अगदी सावकाश चालवायची, म्हणजे शिट्टीला तिची लांबी मिळते, अशी तडजोड झाली. शिट्टीचा आवाजही त्यांनी मला कमी करायला लावला. खरी गाडी या टेबलावरच्या गाडीएवढी लहान दिसायची तर ती किती दूर असणार, मग तिची शिट्टीही तेवढ्याच दुरून ऐकू यायला हवी. हे मला, विज्ञानाच्या बाईला, सुचलं नव्हतं.

असा नियमाचा पक्का माणूस. पण एक गोष्ट मला कायम खटकायची. शिरूड आणि बोरविहीरच्या मधे एक वळण आहे. तिथं ना फाटक, ना पाटी. नाना स्वतः माझी टेबलावरची गाडी चालवत असले की त्या वळणाआधी हमखास एक लांब शिट्टी द्यायचे. मी एकदा विचारलं, "नाना, ही कशासाठी?" ते म्हणाले, "हात जास तठे." हात आपोआप जातो तिथं, एवढंच. विषय संपला. मी मनाशी ठरवून टाकलं की म्हाताऱ्या हाताची सवय आहे, चूक आहे, आणि मोठ्या माणसाची चूक दाखवू नये.

पण दुरुस्त मात्र केली. यंदा मी सगळ्या शिट्ट्या यंत्रावर घेतल्या. रुळाखाली छोटे चुंबक, गाडी वरून गेली की नेमकी शिट्टी आपोआप. नियमाच्या सगळ्या शिट्ट्या बसवल्या आणि वळणावरची वगळली. मोठ्या अभिमानानं नानांना बोलावलं. गाडी निघाली. ते माझ्या शेजारी उभे होते, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर. प्रत्येक शिट्टीला मान हलवत होते. गाडी वळणावरून गेली... गप्प गेली. नानांचा उजवा हात कडेवरून उचलला गेला आणि तसाच थांबला. मी ते पाहिलं. पाहूनही विचारलं नाही. "बठ्ठं बराबर शे, ताई," सगळं बरोबर आहे, असं म्हणून ते त्या दिवशी चहा न घेता गेले. हीच आमची शेवटची भेट.

तेराव्याला एक गृहस्थ लंगडत आले. सुपडूभाऊ, त्याच मार्गावरचे जुने ट्रॅकमन. रुळांवरून हातोडी घेऊन चालत तपासणी करणं हे त्यांचं काम. मी वळणाबद्दल विचारलं, कारण आता दुसरं विचारायला कोणी उरलंच नव्हतं. ते म्हणाले, "तठेच मना पाय गया. वारा उलटा व्हता, गाडी ऐकूच ऊनी नही. मी वळीसन देखं तं इंजिन आंगवर, त्यामा नाना. मी उडी मारी. चुकी कोनीच नही, तठे शिट्टीना नियमच नव्हता. पन मंग नाना दर टायमाले तठे शिट्टी देयेत. मी दुसऱ्या कामवर गऊ, तरी देयेत." ऐकून मला रडू कोसळलं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट मी चूक म्हणून काढून टाकली होती, आणि ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. आजही ते आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

गेल्या रविवारी सुपडूभाऊंना घरी बोलावलं. त्या वळणावर मी चुंबक बसवलेलं नाही. तिथली शिट्टी मी हातानं देते, दर फेरीला, आणि देत राहणार. गाडी शिरूडहून निघाली. सुपडूभाऊ वाकून बाभळी बघत होते, अगदी वळणाशी. मी बटण दाबलं. लांबून यावी तशी बारीक, लांब शिट्टी वाजली, आणि सुपडूभाऊ, नजर रुळांवरच ठेवून, एक पाऊल मागे सरले.